लेस करणारी संत माता : झेली मार्तां हिचें चरित्र

हातीं क्रूस व गुलाबपुष्पें घेतलेली लिझ्यूची संत तेरेजा आमच्या वाचकांस नवी नाहीं. पोप अकरावे पायस ह्यांनीं १९२७ सालीं तिला मिशन-कार्याची आश्रयदात्री म्हणून घोषित केलें, आणि आमची चांद्याची ख्रिस्तसभा तर मिशनच्याच पोटीं जन्मली आहे. १९६२ सालीं हा वनप्रदेश केरळांतून आलेल्या निष्कलंक मरियेच्या कार्मेल संघाच्या धर्मगुरूंकडे सोपविण्यांत आला व १९७७ सालीं चांदा धर्मप्रांत झाला. तेव्हां कार्मेलची ही मठवासिनी आमच्या घरचीच म्हणावयाची. परंतु तिच्या आईविषयीं विचारलें तर पुष्कळजण गप्प राहतील. ही आई स्वतःच्या बोटांच्या कसबावर घर चालवीत होती, तिच्या हाताखालीं पंधरा-वीस बायका काम करीत होत्या, तिनें नऊ अपत्यांना जन्म दिला व त्यांपैकीं चार डोळ्यांदेखत गमावलीं, आणि मठाची पायरी न चढतां ती संतपदास पोंचली. तिची हकीगत ह्या महोत्सवी अंकांत आम्ही आमच्या मायबहिणींपुढें, आणि त्यांच्या यजमानांपुढेंही, ठेवीत आहों.

मारी-अझेली गेरां हिला लहानपणापासून सर्वजण झेली म्हणत. तिचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजीं फ्रान्स देशाच्या नॉर्मंडी प्रांतांत, आलांसों शहरानजीकच्या एका खेड्यांत झाला. बाप नेपोलियनच्या लढायांत गेलेला जुना शिपाई. पुढें तो पोलीस दलांत होता. आई भाविक, परंतु इतकी करारी कीं ह्या लेकीला खेळावयास कधीं एक बाहुलीही मिळाली नाहीं. आपलें बालपण उदास गेलें, हें झेलीनें मोठेपणीं भावास लिहिलेल्या पत्रांत बोलून दाखविलें आहे. थोरल्या बहिणीचा मात्र तिला फार आधार होता. १८४४ सालीं हें कुटुंब आलांसोंला राहावयास आलें, आणि दोघी बहिणी तेथील धर्मभगिनींच्या शाळेंत जाऊं लागल्या.

वयांत आल्यावर झेलीच्या मनानें मठाची वाट धरली. रुग्णांची व गरिबांची सेवा करणाऱ्या संत व्हिन्सेंट द पॉल ह्यांच्या धर्मभगिनींकडे ती गेली. परंतु तेथील वरिष्ठ मातेनें तिला नकार दिला. झेली कष्टी झाली, पण रुसून बसली नाहीं. देवाच्या मनांत आपला संसार व्हावा असें असेल, तर त्यानें आपल्याला पुष्कळ मुलें द्यावीं आणि तीं सर्व त्यानें आपल्या सेवेस घ्यावीं, अशी प्रार्थना ती करूं लागली. पण लग्नास हुंडा हवा, आणि घरची स्थिति बेताची. अशा अडचणींत असतां ८ डिसेंबर १८५१ रोजीं, मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशीं, आलांसोंची लेस करावी अशी स्पष्ट प्रेरणा तिच्या मनांत उठली. ती पवित्र मातेकडूनच आली असें तिनें जन्मभर मानलें. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्रार्थनेचें उत्तर म्हणून तिला दर्शन घडलें नाहीं कीं चमत्कार घडला नाहीं; तिच्या हातीं एक धंदा आला.

ही लेस म्हणजे काय, हें थोडें विस्तारानें सांगितल्यावांचून झेलीचे कष्ट कळावयाचे नाहींत. चौदाव्या लुई राजाचा मंत्री कोल्बेर ह्यानें १६६५ सालीं आलांसोंस लेसचा राजमान्य कारखाना स्थापिला, तेव्हांपासून त्या शहराचें नांव ह्या कामावरून गाजत आहे. ही लेस मागावर विणत नाहींत; केवळ सुई व दोरा ह्यांनीं ती उभी करतात. प्रथम चर्मपत्रावर नक्षी काढून तिच्या रेषांवर बारीक भोंकें पाडतात. त्या भोंकांवरून दोरा बसवून पानाफुलांची बाह्यरेषा पक्की करतात. मग एकीनें जाळीची जमीन भरावी, दुसरीनें फुलांचें पोट भरावें, तिसरीनें कडेस घोड्याचा केस घालून त्यावर काजाच्या टांक्यांनीं उठाव आणावा, असें काम हातोहात पुढें जातें. पुरें झाल्यावर लेस चर्मपत्रापासून सोडवून अडकलेले दोऱ्यांचे तुकडे एकेक करून वेंचून काढावे लागतात, आणि अखेरीस शेवंड नांवाच्या समुद्रांतील मोठ्या झिंग्याच्या नांगीनें घोटून फुलांना झळाळी देतात. एक चौरस सेंटिमीटर, म्हणजे नखाएवढी जागा भरण्यास सुमारें सात तास लागतात, आणि हें कसब पुरतें हातीं यावयास सात ते दहा वर्षें शिकावें लागतें. २०१० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत ह्या कलेची नोंद केली आहे.

१८५३ सालच्या अखेरीस, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, झेलीनें बहिणीच्या सोबतीनें राहत्या घरांतच हा धंदा मांडला. कामकरणी बायका आपापल्या घरीं बसून वीतभर लांबीचे तुकडे करीत, आणि गुरुवारीं ते झेलीकडे आणून देत, मजुरी घेत व पुढलें काम नेत. आपल्याकडे आठवडी बाजाराचा दिवस असतो तसा तिचा गुरुवार असे. नक्षी ठरविणें, दोरा देणें, कोणाच्या हाताला कोणता टांका साधतो तें ओळखणें, हें सर्व तिच्याकडे. आणि सर्वांत नाजूक काम तर ती दुसऱ्या कोणाच्या हातीं देत नसे. तें म्हणजे निरनिराळ्या हातांनीं केलेले तुकडे असे जोडावयाचे कीं सांधा डोळ्यांस दिसूं नये, आणि कोठें जाळी तुटली असेल तर ती जणूं तुटलीच नव्हती अशी भरून काढावयाची. खिडकीशीं उजेडाकडे बसून ती तासन् तास हेंच करीत असे.

आमच्या जिल्ह्यांतील वाचकांना हें घर परकें वाटूं नये. आरमोरी-नागभीडकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवरील कोषांचें सूत काढून कोसा विणणारीं घरें, किंवा बांबू सोलून सूपें-टोपल्या विणणारीं बुरुड घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना चूल, पाळणा आणि धंदा एकाच छपराखालीं नांदणें म्हणजे काय तें ठाऊक आहे. अशा घरांत काम संपलें व संसार सुरू झाला अशी वेळच येत नाहीं. गिऱ्हाईक दारांत उभें असतें, मूल पदर ओढीत असतें, आणि मालाची मुदत डोक्यावर बसलेली असते. झेलीचें घर असेंच होतें. फरक इतकाच कीं तिचें गिऱ्हाईक पॅरिसचें होतें.

लुई मार्तां ह्याच्याशीं तिची गांठ १८५८ सालच्या एप्रिलांत पडली. हा घड्याळजी, त्याचें आलांसोंस दुकान होतें. तरुणपणीं तोही आल्प्स पर्वतांतील सेंट बर्नार्डच्या मठांत प्रवेश मागावयास गेला होता, पण लॅटिन येत नसल्यामुळें परत पाठविला गेला. लुईची आई लेसचें काम शिकत असतां तिनें ह्या मुलीला हेरून ठेविलें होतें, असें सांगतात. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, १२ व १३ जुलईच्या मधल्या मध्यरात्रीं, आलांसोंच्या नोत्र-दाम मंदिरांत त्यांचा विवाहसंस्कार झाला. आरंभीं दहा महिने तीं दोघें बहीणभावाप्रमाणें राहिलीं. मग एका धर्मगुरूनें त्यांस समजाविलें कीं विवाह हाही देवाचाच पाचारण आहे, आणि त्यांनीं तें मानलें.

लुईविषयीं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आमच्या पुरुष वाचकांच्या दृष्टीनें ती महत्त्वाची आहे. लेसचा धंदा वाढत गेला, तसा हिशेब, पत्रव्यवहार व पॅरिसची ये-जा ह्यांचा भार एकट्या झेलीस पेलेना. तेव्हां १८७० सालीं लुईनें आपलें घड्याळांचें दुकान भाच्यास विकलें, आणि तो बायकोच्या धंद्यांत तिचा मदतनीस झाला. नक्षी पॅरिसला नेऊन दाखविणें व मागण्या घेऊन येणें हें तो करूं लागला. जो स्वतः उत्तम कारागीर होता, ज्याचें नांव दुकानावर होतें, त्यानें ह्यांत कमीपणा मानला नाहीं. चरित्रकार झेलीच्या सोशिकपणाविषयीं पानेंच्या पानें लिहितात आणि ही गोष्ट दोन ओळींत उरकतात. आम्हांस तें अन्यायाचें वाटतें.

दिवस उजाडण्यापूर्वीं नवराबायको मिस्साबलिदानास जात. तेथून परत आल्यावर मुलांचें आवरणें, कामकरणींचें पाहणें, गिऱ्हाइकांना उत्तरें देणें असें करतां करतां रात्रीं अकरा वाजेपर्यंत झेलीच्या हातची सुई सुटत नसे. रविवारीं मात्र सर्व बंद. त्या दिवशीं दुकान उघडलें तर विक्री चांगली होईल असें मित्रांनीं लुईस पुष्कळ वेळां सुचविलें, पण दार उघडलें नाहीं. रविवारीं झेली आजारी कामकरणींच्या घरीं समाचारास जाई. संध्याकाळीं सर्व घर मरियेच्या मूर्तीपुढें गुडघे टेकीत असे. नवल असें कीं त्याच काळीं, १८६८ सालीं, इकडे केरळांत संत कुरियाकोस एलियास चावरा आपल्या कैनकरी गांवच्या कुटुंबांसाठीं घरांत सलोखा, कष्ट व प्रार्थना कशीं राखावीं ह्याचा उपदेश लिहीत होते. हेच संत आमच्या चांद्यास आलेल्या धर्मगुरूंच्या संघाचे एक संस्थापक. त्यांना झेली ठाऊक नव्हती, तिला ते ठाऊक नव्हते.

पण हें चित्र फार गोड करूं नये. झेलीचीं दोनशेंहून अधिक पत्रें आज उपलब्ध आहेत, बहुतेक भाऊ, भावजय व मुली ह्यांना लिहिलेलीं. त्यांत ती थकलेली दिसते, कुरकुरलेली दिसते. ह्या लेसनें आपला जीव घेतला आहे, आपण तिची गुलाम झालों आहों, हें टाकून द्यावें, असें ती पुनःपुन्हां लिहिते. आणि मग मुलींच्या भवितव्याचा व कामकरणींच्या पोटाचा विचार करून पुन्हां सुई उचलते. मागण्या आल्या तर झोप नाहीं, न आल्या तर चैन नाहीं, अशी तिची अवस्था असे. १८७०-७१ च्या युद्धांत प्रशियाचें सैन्य आलांसोंत शिरलें, धंदा बसला, आणि नऊ शिपाई ह्यांच्याच घरीं उतरविण्यांत आले, तेव्हांचीं पत्रें वाचावीं. देवावर विश्वास आहे, पण काळजी काहीं केल्या सुटत नाहीं, अशी ती बाई आहे. संताच्या मनांत काळजी नसते असें समजणारांनीं तिच्याकडे पाहावें.

तिला नऊ मुलें झालीं. मारी १८६० सालीं, पोलीन १८६१, लेओनी १८६३, एलेन १८६४. मग दोन मुलगे झाले, दोघांचेंही नांव जोसेफ. एक पांच महिन्यांचा होऊन १८६७ सालीं गेला, दुसरा आठ महिन्यांचा होऊन १८६८ सालीं. १८६९ सालीं सेलीन जन्मली. १८७० च्या फेब्रुवारींत पांच वर्षांची एलेन दोन दिवसांच्या दुखण्यानें आईच्या मांडीवर गेली, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत जन्मलेली मेलानी-तेरेज ऑक्टोबरांत गेली. शेवटची तेरेज, म्हणजे आमची संत तेरेजा, २ जानेवारी १८७३ रोजीं जन्मली.

मेलानीच्या मरणांत जें दुःख आहे तें इतरांहून निराळें आहे. झेलीच्या स्तनांत १८६५ पासूनच गांठ होती, त्यामुळें पुढलीं मुलें तिला अंगावर पाजतां येईनात. तीं दाईकडे ठेवावीं लागत. मेलानी ज्या दाईकडे ठेविली तिनें तिला उपाशीच ठेविलें, आणि आईला कळलें तेव्हां वेळ गेली होती. म्हणून तेरेजाही जेव्हां जन्मल्यावर सुकूं लागली, तेव्हां एका पहांटे झेली पायींच सेमाले गांवास निघाली, आणि रोज तायए नांवाच्या ओळखीच्या शेतकरी बाईला घेऊन आली. रोजनें बाळ आपल्या शेतावर नेलें व वर्षभर सांभाळलें. मधून मधून गुरुवारीं ती बाळाला घेऊन शहरांत येई, तेव्हां मोठी गंमत होई. आलांसोंच्या उंची पोशाखांतील गिऱ्हाईक-बायकांनीं घेतलें कीं बाळ किंचाळे. आणि खेड्यांतून लेस घेऊन आलेल्या, रोजसारखींच साधीं लुगडीं नेसलेल्या म्हणावयाच्या त्या कामकरणींच्या कडेवर गेलें कीं हसूं लागे. तेव्हां झेलीच्या कामकरणी आळीपाळीनें त्या मुलीला घेऊन बसत. पुढें जिच्या चरित्रानें जग हालविलें, तिला पहिल्या वर्षीं अशा हातांनीं खेळविलें होतें.

आतां लेओनीविषयीं. ही तिसरी मुलगी अशक्त, हट्टी, अभ्यासांत मागें. ल मां येथील ज्या मठांत झेलीची बहीण धर्मभगिनी होती तेथील शाळेंत तिला दोनदां पाठविलें, दोनदां ती परत आली. आईनें प्रेमानें सांगितलें, रागानें सांगितलें, काहीं चालेना. १८७७ च्या वसंतांत मारीच्या ध्यानांत आलें कीं घरांतली जुनी मोलकरीण ह्या मुलीला धाक दाखवून, मारहाण करून आपल्याच हुकमांत ठेवीत आहे आणि आईच्या वाऱ्यासही उभी राहूं देत नाहीं. हें सर्व एकाच घरांत वर्षानुवर्षें चाललें होतें, आणि खिडकीशीं बसून न दिसणारे सांधे जोडणाऱ्या आईला तें दिसलें नव्हतें. झेलीला हें कळलें तेव्हां तिच्या जिवास जो चटका बसला तो तिच्या पत्रांत आहे. धार्मिक चरित्रांतून असे प्रसंग गाळण्याची चाल आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. कामांत बुडालेल्या घरांत असें घडूं शकतें, संताच्या घरींही घडलें. त्या दिवसापासून झेलीनें लेओनीला आपल्याजवळ घेतलें, आणि दगडासारखी वाटणारी ती मुलगी आईच्या पाठीमागून हलेना. पण आईपाशीं आतां काहीं महिनेच उरले होते.

कारण १८७६ च्या डिसेंबरांत वैद्यांनीं त्या जुन्या गांठीचें निदान सांगितलें होतें : कर्करोग, आणि शस्त्रक्रियेची वेळ टळलेली. झेलीनें घरीं येऊन तें सर्वांस सांगितलें, आणि घरांत रडारड झाली तेव्हां आपण उगीच सांगितलें असें तिला वाटलें. हातांतल्या मागण्या पुऱ्या करावयाच्या होत्या; ती पुन्हां कामास बसली. १८७७ च्या फेब्रुवारींत तिची मठवासिनी बहीण वारली. जूनमध्यें मारी, पोलीन व लेओनी ह्यांना घेऊन ती लुर्दच्या यात्रेस गेली. यात्रा सर्व प्रकारें त्रासाची झाली. वाटेंत मान दुखावली, जपमाळ हरवली, चार वेळां पवित्र झऱ्याच्या पाण्यांत उतरूनही उतार पडला नाहीं. स्टेशनावर लुई धाकट्या दोघींना घेऊन उभा होता. गाडींतून उतरलेली झेली इतकी आनंदी दिसली कीं बरें झालें असेंच त्याला वाटलें. तिनें स्वतःसाठीं फारसें मागितलें नव्हतें. लेओनीसाठीं मागितलें होतें.

ऑगस्टांत तिची वाचा गेली. भाऊ व भावजय लिझ्यूहून आलीं, तेव्हां तिनें भावजयीकडे एकदां टक लावून पाहिलें. त्या नजरेंत काय मागणें होतें तें त्या बाईनें ओळखलें व मुलींना आईची माया देण्याचें मनांत धरलें. २८ ऑगस्ट १८७७ रोजीं मध्यरात्रीनंतर झेलीनें देह ठेविला. वय पंचेचाळीस. धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची होती.

मुलींना मामा-मामींचा आधार मिळावा म्हणून लुई आलांसों सोडून लिझ्यूस राहावयास गेला. तो १८९४ सालीं वारला. त्यापुढील इतिहास प्रसिद्ध आहे : चार मुली लिझ्यूच्या कार्मेल मठांत गेल्या, तेरेजा १८९७ सालीं वारली व १९२५ सालीं संत घोषित झाली. आईबापांस अधिक वेळ लागला. इटली व स्पेन येथील दोन आजारी अर्भकें त्यांच्या मध्यस्थीनें बरीं झालीं असें धर्मसभेनें मानलें. १९ ऑक्टोबर २००८ रोजीं लिझ्यू येथें त्यांस धन्य, आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं रोम येथें संत घोषित केलें. कुटुंबाविषयीं विचार करण्यासाठीं जगांतील बिशप तेव्हां रोममध्यें जमले होते. पतिपत्नी अशा नात्यानें एकत्र संत घोषित झालेलें, धर्मासाठीं रक्त न सांडलेलें हें पहिलेंच जोडपें. त्यांचा सण १२ जुलईस असतो.

लेओनीचें काय झालें, हें वाचकांना जाणून घ्यावेंसें वाटेल. आई गेल्यावर तिनें मठांत जाण्याचा तीनदां प्रयत्न केला व तीनदां ती घरीं परतली. चौथ्या खेपेस, १८९९ सालीं, कां शहरांतील व्हिजिटेशन मठांत ती शिरली व तेथेंच टिकली. तिला सिस्टर फ्रान्स्वाझ-तेरेज हें नांव मिळालें. १९४१ सालीं ती वारली, आणि ज्या २०१५ सालीं तिचे आईबाप संत झाले त्याच वर्षीं तिच्याही संतपदाच्या चौकशीचें काम सुरू झालें.